खालच्यातले दवबिंदू

२२ सप्टेंबर २०२४

आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "किडे खाणारं फूल? घरात आणू नकोस बाई." पप्पांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि विचारलं, "याच्यावर नोकरी मिळती का माय?" दोघांचंही बरोबर आहे. म्हणून ही वही.

नवापूरला माझी शिकवणी असते, आठवी-नववीचं विज्ञान. शिकवणी संपली की घरी, सरावलीला, जाणारी रिक्षा भरेपर्यंत वेळ जातो. त्या वेळात आज सुरूच्या बनामागे गेले. बन आणि भातशेतं यांच्या मध्ये एक खोलगट, वाळूमिश्रित जागा आहे. पावसाचं पाणी तिथे घोट्याएवढं साचून राहतं. तिथे खाली काहीतरी लालसर चमकलं. मला वाटलं काच फुटली असेल.

दवबिंदू होते. एकेक रोप एक रुपयाच्या नाण्याएवढं, जमिनीला चिकटलेलं. पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब. ऊन चढलं होतं तरी थेंब वाळत नव्हते, कारण ते दव नसतंच, चिकट रस असतो. एका पानात चिलट अडकलं होतं आणि पान हळूहळू त्याच्यावर मिटत होतं. मधून दोऱ्यासारखा देठ आणि त्यावर पांढरं, बारीक फूल. कॉलेजात तीन वर्षांत मी हे फक्त कागदावर चिकटवलेलं, वाळलेलं पाहिलं होतं. जिथली माती इतकी आंबट आणि इतकी गरीब असते की इतर झाडांची उपासमार होते, तिथे हे राहतं आणि किडे खाऊन पोट भरतं.

मी गुडघे टेकून एकटीच हसत होते. मागून आवाज आला, "काय गो, काय हरवलं? कानातलं?"

"नाही काकी, सापडलं."

"सोन्याचं?"

त्या साखरबाई. जागा त्यांचीच आहे. त्यांच्या दोन म्हशी, मोरी आणि चंद्री, तिथेच चरतात. मी फूल दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. "ह्याला काय नाव नाय आमच्यात. खाता येत नाय, इकता येत नाय. नाव कशाला ठेवायचं?" त्या जागेलाही त्या नुसतं 'खालचं' म्हणतात.

कॉलेजच्या सावे सरांना फोटो पाठवला. एमएस्सीला घेईन पण विषय स्वतःचा आण, असं ते म्हणाले होते. त्यांचं उत्तर आलं, "मेघाली, जागा सोडू नकोस."

२५ सप्टेंबर

जागा जाणार आहे.

काकींचा मुलगा धर्मेश भेटला. दिवाळीनंतर खालच्यात भराव टाकून टँकर उभे करायला जागा देणार. सगळं ठरल्यात जमा आहे. एक ड्रायव्हर बघायलासुद्धा आला होता. "मॅडम, इधर गाडी धसेगा तो नहीं ना?" असं मलाच विचारत होता.

धर्मेश वाईट नाही. हसत म्हणाला, "मॅडम, टँकर भाडं देतो. तुमचं फूल काय देतं?"

मी काकींच्या ओट्यावर बसून राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. जिल्ह्यात पाणथळ जागा बघणारी समिती आहे, सर त्यांना घेऊन येतील, नोंद होईल, जागा टिकेल असं बोलले असेन. पण सरांचा पाय मोडला आहे आणि समितीची या पावसाळ्यातली फेरी होऊन गेली. म्हणजे पुढचा सप्टेंबर.

काकींनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "पुढल्या पावसात तुजे सर येऊ देत. त्यांना फूल दिसलं तर ऱ्हाईल. नाय दिसलं तर धर्मेश भराव टाकंल. मग रडायचं नाय."

धर्मेश म्हणाला, "आये, एक वरीस?"

"तू नऊ महिने पोटात होतास, तवा मी काय बोलली तुला?"

मी शब्द दिला की दिसेल. आता झोप येत नाही. फूल काही माझ्या शब्दात नाही.

२९ सप्टेंबर

मोरी व्याली. काकींनी मला स्टीलच्या डब्यात चीक दिला. आईने गूळ-वेलची घालून खरवस केला. आम्ही परभणीहून आल्यापासून घरच्या म्हशीचा चीक पहिल्यांदाच खाल्ला, असं पप्पा म्हणाले आणि दोनदा घेतला.

आईने डबा घासून लख्ख केला. तो घेऊन गेले तर काकींनी कपाळावर हात मारला. "चिकाचं भांडं कोण धुतं गो? तसंच द्यायचं, चार दाणे तांदूळ घालून. धुतलेलं भांडं म्हणजे, तुजं दूध आमाला नको." मग माझा चेहरा बघून हसल्या. "असूं दे. तुमी देशावरची माणसं."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आईला सांगितलं नाही.

३ ऑक्टोबर

आज नीट पाहणी केली. खूप रोपं आहेत, पण त्यांची अवस्था बघवत नाही. म्हशींच्या खुरांनी सगळी जमीन चाळण झाली आहे. खुराच्या प्रत्येक खळग्यात पाणी, आणि काठावर कशीबशी ही रोपं. गवत तर काकी रोज विळ्याने बुडापासून कापून नेतात. एका फोटोत मधोमध शेण आलं, तो सरांना पाठवला नाही.

काकींना म्हटलं, म्हशी दुसरीकडे चारता येणार नाहीत का? त्या म्हणाल्या, "दुसरीकडे म्हंजे कुठं, तुज्या सरावलीला?"

निदान माझ्या पायांनी तरी नुकसान नको. मी एकच वाट ठरवली आहे. केवड्याच्या झुडपापासून पाण्याच्या मध्यापर्यंत, सरळ रेषेत. तिच्याबाहेर पाय टाकायचा नाही.

९ ऑक्टोबर

आज मला माझा अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते पण वाटला.

पप्पांकडून पीएच पेपर मागून घेतला होता. ते कारखान्यात शिफ्टभर हेच करतात, टाकीत कागद बुडवायचा आणि रंग बघायचा. खालच्यातलं पाणी बाटलीत भरून काकींच्या अंगणात आणलं. दूध न्यायला माणसं आली होती. शेजारच्या काशीबाई, नाक्यावरचा चहावाला कैलास, आणखी दोन-तीन बायका. मी म्हटलं, बघा हं. कागद बुडवला. हिरव्याचा पिवळा झाला, जरा नारिंगीकडे झुकणारा.

सगळे पुढे वाकून कागद बघू लागले. वर्गातसुद्धा माझं इतकं कोणी ऐकत नाही.

"हा तोच कागद ना," कैलासने विचारलं, "खाडीत मासे उलटे होऊन वर आले होते, तवा तपासायला आलेली माणसं बुडवत होती?"

"हो, तोच."

"तवापण असाच पिवळा झाला होता."

मी सांगितलं की पाणी आम्लधर्मी आहे, म्हणूनच इथे हे फूल आहे, हे फार दुर्मीळ आहे. काशीबाईंनी विचारलं, "म्हशी हेच पाणी पितात?" मी म्हटलं, हो, पितात ना. त्यांना एवढी उत्सुकता आहे याचं बरं वाटलं.

रंग बदललेला कागद काकींच्या खिडकीत ठेवून आले. आठवण म्हणून.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. भराव आलेला नाही. धर्मेश शब्द पाळतो आहे, पण मला बघितलं की घड्याळ बघतो, चेष्टेने.

चंद्री व्याली. काकींनी पाच घरी चीक पाठवला. मी शिकवणीहून आले तेव्हा पाचही भांडी परत आली होती, ओट्यावर ओळीने, उन्हात चकाकत होती. आत तांदूळ होते. काकी त्यांच्यासमोर बसून होत्या.

म्हटलं, "बघा, इथले लोकसुद्धा धुतातच की. माझ्या आईलाच नावं ठेवता."

काकी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जा, तुजी रिक्षा जाईल."

पाय दुखत असतील. थंडी पडायला लागली आहे.

२१ नोव्हेंबर

रोपं आता लाल-काळी पडू लागली आहेत, बी धरलं आहे. मोहरीच्या शंभराव्या भागाएवढं बी. वारा आला तरी मला भीती वाटते की कुठे जाईल.

कैलासकडे चहा घेतला. चव वेगळी लागली. त्याने पिशवीचं दूध दाखवलं. "साखरकाकीचं परवडत नाय, मॅडम." काकी तर वर्षानुवर्षं एकाच भावाने देतात. असो. माझं लक्ष दुसरीकडे होतं. सरांनी विचारलं आहे की जागेचा आराखडा कधी पाठवतेस.

११ डिसेंबर

एक चांगली बातमी. म्हशी गेल्या! काकींनी मोरी आणि चंद्री दोन्ही माकुणसारला भावाकडे, विश्राममामांकडे, पाठवल्या. "हातपाय चालत नाय आता," म्हणाल्या. मी म्हटलं, आराम करा की. त्यांनी दावी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि गोठ्याचं दार लावून घेतलं, आत काही नसताना.

आता खालच्यात खूर पडणार नाहीत. गवतही कोणी कापणार नाही. पुढच्या पावसात गालिचा होईल गालिचा. मला इतकं हलकं वाटलं की रिक्षात शेजारच्या बाईला उगाच जागा करून दिली.

तरी घरी आल्यावर चैन पडत नाही. सवय असेल. मला चांगलं झालं की जास्त भीती वाटते.

१९ फेब्रुवारी २०२५

खालचं कोरडं आहे. गवत गुडघ्याएवढं वाढून पिवळं पडलं आहे आणि वाऱ्याने आडवं होतं. किती सुंदर दिसतं! मी तरीही जाते, माझ्या वाटेने, केवड्यापासून मध्यापर्यंत आणि परत. बघायला काही नाही. न गेलं तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

२४ जून

पाणी साचलं. जुनं गवत कुजून गादीसारखं झालं आहे आणि त्यातून नवं वर आलं आहे. रोपं नाहीत. लवकर आहे अजून.

१३ जुलै

नाहीत.

२७ जुलै

आज दोन तास शोधलं. वाटेवरून चालत दोन्ही बाजूंचं गवत हाताने बाजूला करत गेले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. गवताच्या कडांनी हात कापले. वाटेबाहेर एक पाऊल टाकलं नाही, न जाणो एखादं असेल आणि तेच चिरडायचं.

सरांचा फोन आला. पाय बरा आहे. समितीतल्या अर्चना मॅडमनी बारा सप्टेंबर दिली आहे. "किती उगवलीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतायत सर." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

पप्पा शिफ्टहून आले आणि सगळ्यांना सांगत सुटले की आमची मेघाली सरकारी माणसांना जागा दाखवणार. शेजारच्या काकूंनी विचारलं, कसली जागा, प्लॉट का? आई अभिमानाने म्हणाली, फुलाची.

१० ऑगस्ट

रात्री कारखान्यांच्या बाजूने भोंगा वाजला. नेहमीसारखा वाजला आणि थांबला. पण मला एकदम सुचलं की हेच कारण असणार. कुठून तरी पाणी झिरपून खालच्यात येत असेल. विषारी. नाहीतर इतकी रोपं एका वर्षात कशी मरतील? माझ्याइतकी काळजी तर कोणीच घेतली नाही.

सकाळी उठून तक्रार लिहायला घेतली. कोणत्या कारखान्याविरुद्ध ते माहीत नाही. पप्पा दाढी करत होते. म्हणाले, "आधी कागद बुडवून बघ माय. मग बोल."

१२ ऑगस्ट

बुडवला. गेल्या वर्षीसारखाच पिवळा, जरा नारिंगीकडे झुकणारा. पाणी तसंच आहे. काहीच बदललेलं नाही. मग काय बदललं?

१७ ऑगस्ट

हे लिहिलंच पाहिजे. नाहीतर उद्या मी स्वतःला वेगळं सांगेन.

शिकवणीनंतर काशीबाईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, काकी हल्ली माझ्याशी धड बोलत नाहीत. काशीबाई म्हणाल्या, "तू बोलायची जागा ठेवलीस का गो?"

मला कळलं नाही.

"कागद बुडवलास ना अंगणात. पिवळा झाला. गावात कोणाला म्हाईत नाय पिवळ्या कागदाचं? दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. आमी बंद केलं, कैलासने बंद केलं. पोरांना कोण पाजणार कंपनीचं पाणी प्यालेल्या म्हशीचं? चंद्रीचा चीक आला तो मी परसात ओतला आणि भांडं धुऊन दिलं. पाची घरांनी तेच केलं. साखरबाई समजली. ती कोणाला इचारायला गेली नाय, भांडायला पण नाय. दोन महिने दूध ओतलं तिनं, मग दिल्या म्हशी पाठवून."

मी सांगायला लागले की ती कारखान्याची आम्लता नव्हे, पावसाचं पाणी मुळात थोडं आम्लधर्मी असतं, वाळूत ते...

"ते तू तवा सांगायचं होतं."

सांगितलं होतं. पण मी फुलाबद्दल सांगितलं. म्हशींबद्दल विचारलं तेव्हा "हो, पितात ना" म्हणाले. हसून म्हणाले.

तेव्हाचं पान आत्ता उघडून वाचलं. सहा नोव्हेंबरचंही वाचलं. "इथले लोकसुद्धा धुतातच की."

१८ ऑगस्ट

काकींकडे गेले. पाया पडले. त्या म्हणाल्या, "उठ. माती लागंल."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तू फुलासाठी इतकी नाचत होतीस." थोड्या वेळाने म्हणाल्या, "चंद्री माज्या हाताशिवाय पान्हा सोडत नवती. तिकडं सोडते बोलतात. सोडंल. जनावर हाय."

खिडकीत तो कागद अजून होता. उन्हाने पांढरा पडला आहे.

मी फूल वाचवेन, निदान तेवढं तरी, असं म्हणणार होते. पण फूल कुठे आहे?

३१ ऑगस्ट

पप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोटांवरचे रंगाचे डाग खरवडत बसले. मग सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर नवापूरला आले.

कैलासच्या टपरीवर माणसं होती. घरून दूध आणलं होतं, त्यात कागद बुडवला. हिरवाच राहिला. मी म्हटलं, कैलासदादा, एक लिंबू सरबत द्या. त्यात बुडवला. लालभडक. चिंचेच्या पाण्यात, लाल. पप्पांनी पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी पेल्यात धरलं. त्यात बुडवला. पिवळा. खालच्यातलं पाणी बाटलीत होतं. त्याचा कागद शेजारी ठेवला तर त्यापेक्षा जेमतेम गडद.

"म्हंजे मी लोकांना ॲसिड पाजतो?" कैलास ओरडला.

"पोटात याच्याहून जास्त असतंय, मालक," पप्पा म्हणाले. "सरबत द्या. पैसे देतो."

लोक हसले. एकाने स्वतःच्या जिभेला कागद लावून बघितला. पण जाताना एक बाई दुसरीला म्हणाली, "असंल. तरी पण." त्या 'तरी पण'ला माझ्याकडे कागद नाही.

५ सप्टेंबर

नाहीत. आठवडा उरला. सरांना खरं सांगावं का? सांगितलं तर ते येणार नाहीत, आले नाहीत तर धर्मेशचा भराव. न सांगता आले तर सगळ्यांसमोर रिकामं गवत. दोन्हीकडून तेच.

धर्मेशने आज घड्याळ बघितलं नाही. नुसतं "बघू" म्हणाला. ते जास्त वाईट वाटलं.

११ सप्टेंबर

क्रमाने लिहिते.

दुपारी शेवटचं गेले. ठरवलं होतं की बघून यायचं आणि सरांना फोन करायचा, येऊ नका. परत फिरताना चिखलात चप्पल रुतली. पाय वर आला, चप्पल आत. काढायला उकिडवी बसले.

माझ्याच पावलाच्या ठशाच्या काठावर लाल काहीतरी होतं.

एक. मग दुसरं. मग आदल्या ठशात तीन. केवड्यापासून मध्यापर्यंत, हातभर रुंद त्या पट्ट्यात, जिथे वर्षभर माझ्या पायांखाली गवत उगवू शकलं नव्हतं, तिथे दवबिंदू होते. काही चिरडलेले, काहींवर फूल. मी आठवड्यातून तीनदा त्यांच्यावरून चालत होते आणि दोन्ही बाजूंना बघत होते. पट्ट्याबाहेर एक रोप नाही.

मोबाईल काढला, गेल्या वर्षीचे फोटो उघडले. बुडापासून कापलेलं गवत. खुरांचे खळगे. आणि रोपं सगळी त्या खळग्यांच्या काठावर. तो शेणाचा फोटोसुद्धा पुसला नव्हता. त्यात सर्वांत जास्त आहेत.

त्यांना ऊन लागतं. गवताखाली बी रुजत नाही. मी आम्लता मोजली, चिलटं मोजली, आणि गवत कोण कापतं, जमीन कोण उघडी ठेवतं, ते समोर शेपूट हलवत उभं होतं ते बघितलं नाही. मी त्या दोघींना घालवलं आणि गालिच्याची वाट बघत बसले.

चप्पल तिथेच राहिली. अनवाणी, वाटेबाहेरून, गवतातून परत आले.

१२ सप्टेंबर

सर काठी टेकत आले. अर्चना मॅडम, त्यांचा मदतनीस, धर्मेश, काकी. मी वाट दाखवली. सर काठी बाजूला ठेवून चिखलात बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मॅडमनी फोटो घेतले, मोजमाप घेतलं. मग विचारलं, "फक्त या पट्टीत कसे?"

गप्प राहता आलं असतं. फूल दिसलं होतं, शब्द पुरा झाला होता.

"इथे म्हशी चरायच्या," मी म्हटलं. "काकी गवत कापायच्या. ते माझ्यामुळे बंद झालं. म्हणून बाकी सगळीकडून गेली. एवढी पट्टी माझ्या पायांनी राहिली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले की काय ते कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मग कुंपण घालून उपयोग नाही. अहवालात तसं लिहावं लागेल. निर्णयाला वेळ लागेल, आणि काय होईल ते मी आज सांगू शकत नाही."

काकी पुढे झाल्या, वाकल्या आणि पट्टीकडे बघत राहिल्या. "म्हंजे ह्याला माजी चंद्री लागते?"

"लागते, काकी."

"आनि हे मला आता सांगतेस."

धर्मेश कोणाकडेच न बघता म्हणाला, "दिसलं ना फूल? मग झालं. पुढचा पाऊस बघू." गाडीत बसता बसता परत वळला. "पण मॅडम, आता कोणाला कागद दाखवू नका."

२० सप्टेंबर

काकींबरोबर माकुणसारला गेले. मोरी पुढे विकली गेली आहे, कुठे ते मामांनाही नक्की माहीत नाही. चंद्री आहे, गाभण आहे. काकींनी दारातून नुसती हाक मारली. चंद्रीने मान वर केली, वैरण तोंडातच राहिली. काकी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मामा म्हणाले, "घेऊन जा. माज्याकडं अर्धंच दूध देत होती, लबाड."

२८ सप्टेंबर

चंद्री खालच्यात आहे. दवबिंदूंच्या पट्टीवरून सरळ चालत गेली, चार रोपं गेली. मी ओठ चावून उभी राहिले. हाकललं नाही. काकी पलीकडे विळ्याने गवत कापत होत्या. वर्षाचं गवत आहे, एका माणसाचं काम नाही. मीही विळा घेतला. बोट कापलं. काकी म्हणाल्या, "बीएस्सी झालीस ना? मूठ नीट धर."

१८ जानेवारी २०२६

एमएस्सीचं काम सुरू आहे. समितीचं पत्र आलेलं नाही. खालचं कोरडं आहे, उघडं आहे, खुरांचे ठसे वाळून कडक झाले आहेत. त्यांत बी आहे की नाही, ते पावसाशिवाय कळणार नाही. मोरी असती तर जास्त ठसे असते. हे मनातून जात नाही.

परवा चंद्री व्याली. काकी चीक पाठवू की नको करत होत्या. मी म्हटलं, पाठवू नका, नाही घेतला तर? त्या म्हणाल्या, "द्यायचं आपलं काम." पाच घरी पाठवला.

आज भांडी आली. मी ओट्यावर मुद्दाम बसून होते. पहिलं धुतलेलं. दुसरं धुतलेलं. कैलासकडचं, घासून पुसून. चौथं काशीबाईंच्या जावेचं, तेही. प्रत्येक वेळी काकी तांदूळ काढून सुपात टाकत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं.

शेवटी काशीबाई स्वतः आल्या. पदराखाली भांडं होतं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. आत कडेला वाळलेल्या चिकाची पिवळी रेघ, आणि त्या चिकटपणात अडकलेले चार दाणे तांदूळ.

मी ते उचलून धुवायला न्हाणीकडे निघाले, सवयीने.

"ठेव," काकी म्हणाल्या. "ते धुवायचं नाय."